रुखवतातली आगगाडी

मुलीच्या बापानं सुपारीच्या बैठकीत तोंड फक्त पेढा खाण्यापुरतं उघडावं, हे महिपतराव गावड्यांना कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं, हा भाग वेगळा. उभा जन्म कालव्याच्या खात्यात आरेखक म्हणून गेलेला. नकाशावर रेघ ओढताना श्वास रोखून धरायचा, आणि रेघ संपली की तो सगळा श्वास बोलण्यात बाहेर सोडायचा, अशी त्यांची सवय. निवृत्तीनंतर रेघा थांबल्या, बोलणं तेवढं राहिलं.

इंदापूरला मुलाकडच्यांच्या घरी बैठक तशी छान चालली होती. मुलगा दिग्विजय रेल्वेत, रुळांच्या देखभालीच्या खात्यात इंजिनिअर. नोकरी दौंडला, म्हणजे महिपतरावांच्या बारामतीपासून हाकेच्या अंतरावर. लेक श्रेया सकाळी भाजी न्यायला येईल आणि संध्याकाळी डबा परत द्यायला येईल, असा आराखडा महिपतरावांनी मनातल्या मनात काढून त्यावर सहीदेखील केली होती. तेवढ्यात मुलाचे वडील मानसिंगराव चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. पोराची बदली झालीया. लगीन झालं की दोघं भुसावळला."

महिपतरावांनी आयुष्यात भुसावळ फक्त केळ्यांच्या संदर्भात ऐकलं होतं. ते एकदम उठून उभे राहिले, उभं राहायचं काही कारण नाही हे लक्षात आल्यावर खिडकीपर्यंत गेले, बाहेरचा ऊस पाहिला आणि परत येऊन बसले. आत काहीतरी तुटल्यासारखं झालं होतं, पण बैठकीत तसं दाखवायची पद्धत नाही.

मानसिंगराव बागायतदार, बोलायला मऊ. इतके मऊ की त्यांचं बोलणं टोचलंय हे माणसाला घरी पोचल्यावर कळायचं. ते म्हणाले, "रुखवताचं काय टेन्शन घिऊ नका, पाव्हणं. आता सगळं भाड्यानं मिळतंय. बाहुल्या, देवळं, तुळशीवृंदावन. सकाळी मांडत्यात, सांजच्याला टेम्पोत भरून नेत्यात. आमच्या वळखीचा माणूस हाय."

महिपतरावांना मात्र तिथल्या तिथं टोचलं. नवरीच्या घरच्यांनी हौसेनं, आपल्या हातानं करून मांडायच्या त्या वस्तू. त्या भाड्यानं आणायच्या?

"आमच्यात भाड्याचं चालत न्हाय," ते म्हणाले. "रुखवत मी सवता करनार."

"काय करनार?"

हा प्रश्न अपेक्षित नव्हता. महिपतरावांची नजर खोलीभर फिरली आणि रेल्वेतल्या जावयावर येऊन थांबली. "आगगाडी," ते म्हणाले. "बारामतीहून दौंडला जायची ती जुनी छोटी गाडी. इंजिन, डबं, ठेसन, फलाट, सिग्नल. हाताएवढी, पण मापात. खिडकीला खिडकी."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फक्त माधवीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, पदराआडून त्यांच्या मांडीला असा चिमटा घेतला की त्याची खूण पुढं आठवडाभर होती.

त्या दिवसापासून महिपतरावांच्या पायाला भिंगरी लागली. खुर्चीत बसले की उठायचे, उठले की गॅलरीत जायचे, गॅलरीत गेले की काहीतरी आणायला आत यायचे आणि काय आणायचं होतं ते विसरून पुन्हा बसायचे. कपाटावरून जुने पेन, पट्ट्या, त्रिकोण खाली आले. पांढऱ्या जाड पुठ्ठ्यावर त्यांनी पहिल्या डब्याची भिंत आखली. आखणी अशी की खात्यातले साहेब असते तर फ्रेम करून टांगली असती. मग ब्लेड घेऊन खिडक्या कापायला बसले आणि तिथं घोडं अडलं. हात आता पूर्वीचे राहिले नव्हते. पहिली खिडकी तिरकी गेली, दुसरी तिला मिळायला गेली, तिसऱ्या खिडकीला अंगठा मध्ये आला.

अंगठ्याला चिंधी बांधून बसले असताना शेजारचे सोपानतात्या आले. सोपानतात्या समोरच्या फ्लॅटात राहत आणि सोसायटीचे सचिव होते. सल्ला द्यायला येताना ते पायात चप्पल घालत नसत, कारण चप्पल घालेपर्यंत समोरचा माणूस स्वतःच काहीतरी ठरवून मोकळा होईल अशी त्यांना धास्ती असे.

"हातानं कसलं कापताय, महिपतराव? लोणी देवकरला कारखान्यात जावा. तितं लोखंड कापत्यात लोण्यावानी."

"मला पुठ्ठा कापायचाय, तात्या."

"मग तर आनकी सोपं."

त्यांचा सल्ला नेहमीप्रमाणं निरुपयोगी होता, पण त्यातला 'मशीन' हा भाग महिपतरावांच्या डोक्यात राहिला. त्यांनी पुण्याला श्रेयाला फोन केला. श्रेया म्हणाली, "पप्पा, कागद कापायचं छोटं मशीन मिळतं. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, मशीन त्या रेघेवरून ब्लेड फिरवतं. मी मागवते. आणि माझा जुना लॅपटॉप पाठवते."

लॅपटॉप आला. मशीन आलं नाही. पार्सल पोचल्याचा निरोप मात्र आला. शोध घेतल्यावर कळलं ते असं: खोक्यावर 'कटिंग मशीन' एवढंच छापलेलं होतं, आणि हंगामाच्या दिवसांत बारामतीत कटिंग मशीन म्हणजे ऊस कापायचं, दुसरं काय असणार, असा सरळ विचार करून कुरिअरवाल्यानं ते शेती अवजारांच्या दुकानात टाकलं होतं. महिपतराव तिथं गेले तेव्हा दुकानदारानं खोकं उघडून मशीन काउंटरवर मांडलं होतं आणि चार शेतकरी त्याच्याकडं संशयानं पाहत होते.

"ह्यात ऊस कुठनं घालायचा?" एकानं विचारलं.

"ऊस न्हाय. कागद."

"कागद कापायला मशीन?" तो माणूस म्हणाला आणि त्यानं महिपतरावांच्या अंगठ्याच्या चिंधीकडं पाहिलं. मग तो गप्प बसला, ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. ते मशीन आपलंच आहे हे दुकानदाराला पटवायला महिपतरावांना आधार कार्ड, श्रेयाचा फोन आणि शेवटी आवाज चढवणं एवढं सगळं लागलं.

आता सॉफ्टवेअर. पहिल्यांदा उघडलं तेव्हा पडद्यावर एक फुलपाखरू आलं. नमुन्यादाखल. महिपतरावांनी इतक्या वर्षांत खात्याच्या एकाही नकाशात फुलपाखरू काढलं नव्हतं, आणि ज्या साधनाची सुरुवातच फुलपाखरानं होते त्याच्याबद्दल त्यांचं मत तिथंच बनलं. पण शब्द दिला होता. रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की श्रेया व्हिडिओ कॉल लावायची आणि शिकवणी सुरू व्हायची.

"तो बिंदू पकडा, पप्पा. तो नाही, शेजारचा. आता ओढा. जास्त ओढलात."

"ह्याला पट्टी कुठं हाय?"

"पट्टी लागत नाही. रेघ आपोआप सरळ येते."

"मग माणसाचं काय काम?" महिपतराव चिडून उठायचे, खोलीत एक फेरी मारायचे आणि परत येऊन बसायचे. ती तशीच फोनवर थांबलेली असायची.

खरं सांगायचं तर बापलेकीचं फोनवरचं बोलणं आजवर 'जेवलीस का', 'जेवले', 'आईला देतो' यापलीकडं कधी गेलं नव्हतं. पोरीच्या मनातलं जे काही ते माधवीबाईंकडं जायचं आणि रात्रीच्या जेवणात त्याचा गोषवारा महिपतरावांना मिळायचा. आता मूळ प्रतच हाती येऊ लागली. खिडकीचे कोपरे गोल करता करता ती सांगायची की पुण्यातली नोकरी सोडायला जिवावर आलंय, भुसावळच्या उन्हाळ्याची भीती वाटते, दिग्विजय चांगला आहे पण फार कमी बोलतो. महिपतराव "व्हय, व्हय" म्हणत बिंदू ओढायचे. कॉल संपला की त्यांना डब्याचं काही आठवत नसे, बाकीचं सगळं आठवत असे.

मशीननं पहिली भिंत कापली तेव्हा घरातली सगळी कामं थांबली. बारीक घरघर करत ब्लेड फिरलं, मशीनसोबत आलेल्या हिरव्या चिकट पाटावरून पुठ्ठा सुटला आणि आठ खिडक्या एकसारख्या, कुठंही ओरखडा नाही. महिपतरावांनी ती भिंत उजेडात धरून एवढा वेळ पाहिली की माधवीबाई म्हणाल्या, "जेवताना तरी खाली ठेवा." त्याच माधवीबाईंनी दुसऱ्या दिवशी तो हिरवा पाट नव्या फॅशनचा पोळपाट समजून त्यावर पोळ्या लाटायला घेतल्या. पहिली पोळी पाटाला चिकटली ती निघालीच नाही, आणि पुढं कितीतरी दिवस कापलेल्या प्रत्येक तुकड्याच्या पाठीला कणीक असायची.

इथंवर सगळं मार्गी लागलं होतं. पण सोपानतात्यांनी मशीन पाहिलं.

"हे रेडियम कापतं का वो?"

रेडियम म्हणजे गाड्यांवर चिकटवतात तो चकाकणारा कागद. कापतं, म्हणाले महिपतराव. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. तात्यांनी लगेच पुतण्याच्या ट्रॅक्टरसाठी 'आईसाहेबांची कृपा' करून मागितलं. महिपतरावांनी अक्षरं अशी काढली की त्यातला 'कृ' पाहून ड्रायव्हर गाडी थांबवायचे. ट्रॅक्टर ऊस घेऊन साखर कारखान्याच्या रांगेत उभा राहिला आणि बातमी रांगेच्या शेवटापर्यंत गेली. मग एकेक जण येऊ लागला. कऱ्हाटीचे दोघं आले, त्यांना ट्रॉलीच्या मागं वाघ हवा होता. एकाला वाघ आणि खाली वडिलांचं नाव. एकाला नुसता वाघ, पण हसरा. महिपतराव नाही म्हणत नव्हते. कुणी "तुमच्या हाताला तोड न्हाय" म्हटलं की ते पुढची ऑर्डर घ्यायचे. तिकडं आगगाडीची एकच भिंत टीव्हीवर टेकून उभी होती आणि लग्न जवळ येत होतं.

एके सकाळी दारावर नोटीस. 'आपल्या सदनिकेत विनापरवाना व्यवसाय चालत असून जिन्यात अनोळखी इसमांची वर्दळ वाढली आहे. घरगुती वीजमीटरवर यंत्र चालवणे नियमबाह्य आहे. तात्काळ खुलासा करावा.' खाली सही, सोपान, सचिव.

महिपतराव अनवाणीच समोरच्या दारात गेले. "तात्या, पहिलं गिऱ्हाईक तुमीच आणलं!"

"ते शेजारी म्हनून आणलं," तात्या शांतपणे म्हणाले. "नोटीस सचिव म्हनून दिलीया. दोन्ही येगळं हाय."

"आन् खुलासा कुणाला द्यायचा?"

"सचिवाला. ऱ्हाऊ द्या, आत या, च्या घ्या."

महिपतरावांनी चहा घेतला नाही. खात्यात कधी साधा मेमो मिळाला नव्हता त्यांना. घरी येऊन त्यांनी सगळे वाघ बंद केले आणि रागारागात संपूर्ण आगगाडी एकाच बैठकीत कापायची ठरवली. रागात माणूस डोक्यानं चालत नाही, सवयीनं चालतो.

आणि सवय होती कालव्याची. कालव्याचा उभा छेद काढताना एक गंमत असते. कालवा मैलोगणती लांब आणि त्याचा उतार हातभर. दोन्ही एकाच मापात कागदावर काढलं तर उतार दिसतच नाही, नुसती आडवी रेघ दिसते. म्हणून लांबीचं माप वेगळं धरतात, उंचीचं वेगळं, आणि उंची मुद्दाम ताणतात. महिपतरावांनी जन्मभर हेच केलं होतं. सॉफ्टवेअरमध्ये लांबी आणि उंचीच्या चौकटींमध्ये एक चिमुकलं कुलूप असतं, एक बदललं की दुसरं आपोआप त्या प्रमाणात बदलावं म्हणून. महिपतरावांना ते कुलूप पहिल्या दिवसापासून खुपत होतं. आरेखकाच्या कागदाला कुलूप घालणारा हा कोण? त्यांनी ते उघडलं, आडवं माप आडव्यात घातलं, उभं माप सवयीनं ताणून उभ्यात, आणि मशीन सुरू केलं. सगळा पांढरा पुठ्ठा संपेपर्यंत ते थांबले नाहीत.

डबे चिकटवून उभे केले तेव्हा माधवीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "ही धान्याची कणगी हाय व्हय?"

डबे वीतभर रुंद नव्हते, पण हातभर उंच होते. खिडक्या अशा लांबुडक्या की आत बसलेल्या माणसाची मान जिराफाएवढी असायला हवी. इंजिनाचं धुराडं थेट पंख्याला लागत होतं. सोपानतात्या शेजारी म्हणून आले आणि म्हणाले, "छान हाय. फक्त पुलाखालनं कशी जायची?"

"बघायची नजर लागती," महिपतराव म्हणाले. आणि त्यांनी इंजिन पंख्याखालून हळूच बाजूला सरकवलं.

संध्याकाळी श्रेयाचा कॉल आला. त्यांनी फोन थेट डब्यांकडं फिरवला. ती हसू लागली. हसता हसता तिचा फोन हातातून पडला, पडद्यावर तिच्या खोलीचं छत दिसू लागलं आणि छतावरूनही हसू ऐकू येत होतं. "पप्पा... कुलूप उघडलं होतं का? अहो, आगगाडी नाही, मनोरे झालेत!"

महिपतरावांनी फोन बंद केला. दुसऱ्या दिवशी उचलला नाही. तिसऱ्या दिवशी तो उशीखाली ठेवला आणि स्वतः दर दहा मिनिटांनी उशी उचलून पाहत राहिले. माधवीबाई म्हणाल्या, "ती हासली म्हनून एवढं? लहानपणी तुमच्या मांडीवर काय काय केलं तिनं, तवा न्हाय रुसला."

"तवा ती भुसावळला निघाली नव्हती," महिपतराव म्हणाले आणि गॅलरीत गेले.

रविवारी श्रेया स्वतःच आली. पिशवी दारातच टाकून बापासमोर बसली. "पप्पा, तुम्ही फोन उचलत नाही. मला तिकडं करमत नाही. दिवसभर वाट बघते त्या एका कॉलची, आणि तुम्ही..." महिपतराव उठले, बसले, पुन्हा उठले. मग लॅपटॉप तिच्यासमोर ठेवून म्हणाले, "ते कुलूप कसं लावायचं दाव." त्या दुपारी दोघांनी मिळून गाडीची सगळी मापं दुरुस्त केली. संध्याकाळच्या एसटीला बसवून देताना तिनं त्यांचा चिंधी बांधलेला अंगठा दोन्ही हातांत धरला. त्यांनी कंडक्टरला उगाचच बस किती वाजता पोचते ते विचारलं.

मापं दुरुस्त झाली, पण पुठ्ठा संपला होता. तसा पांढरा, जाड, गुळगुळीत पुठ्ठा सबंध बारामतीत मिळेना. दुकानदार चार्टपेपर काढून दाखवायचे. महिपतराव सगळ्या दुकानांतून फिरले, घरी आले, आणि पलंगाखाली चप्पल ढकलताना त्यांना गठ्ठा दिसला.

हा गठ्ठा लग्नपत्रिकांचा. पत्रिका छापून आल्या तेव्हा त्यात नवरीच्या सख्ख्या मामाचं, म्हणजे माधवीबाईंच्या भावाचं, शंभूराजचं नाव गळालं होतं. चुलत मामा होते, मावस मामा होते, सख्खा नव्हता. शंभूराजमामांनी ती पत्रिका वाचली आणि ते उपाशी उठून गेले. नवीन पत्रिका छापल्या, फेट्याचा पहिला मान कबूल केला, तेव्हा कुठं ते हसले. हसताना एकच अट घातली, "त्या जुन्या पत्रिका चुलीत घाला. माझ्या डोळ्याला पुन्यांदा दिसू नयेत." महिपतरावांनी हो म्हटलं होतं. पण गॅसच्या शेगडीत पत्रिका जाळणार कशी, आणि कागद एवढा उत्तम! आरेखकाच्या हातून चांगला कागद जाळला जात नाही.

छापील बाजू आत येणार होती, कुणाला दिसायची नव्हती. महिपतरावांनी पत्रिकेचा फोटो पडद्यावर अंथरला आणि त्यावर भिंती मांडल्या. सॉफ्टवेअर कागद वाया जाऊ नये म्हणून तुकडे आपणहून जुळवून देत होतं. त्यांनी ते बंद केलं आणि एकेक तुकडा हातानं सरकवत बसले.

"एका पत्रिकेतनं एवढंच?" माधवीबाई म्हणाल्या. "किती वाया घालवताय!"

"तुला न्हाय कळायचं," महिपतराव म्हणाले. मान वर केली नाही.

लग्नाच्या दिवशी गाडी मांडीवर घेऊन ते जीपमध्ये पुढं बसले. बारामती ते इंदापूर त्यांनी ड्रायव्हरला खड्ड्यांची आगाऊ सूचना देत नेलं. कार्यालयात बायकांनी अनारसे, लाडू, रुखवताच्या ताटल्या मांडल्या आणि मध्ये आगगाडी. काळं रंगवलेलं इंजिन, तांबडे डबे, फलाट, त्यावर पिवळी पाटी. बरोबर मापात. दिग्विजय जो फार कमी बोलतो, तो वाकून चाकांकडं पाहत राहिला आणि म्हणाला, "रुळांतलं अंतर पण बरोबर आहे." महिपतरावांना वाटलं, आता मेलो तरी हरकत नाही.

तेवढ्यात मुलाची आत्या धोंडाबाई पुढं आल्या. आत बाकडी आहेत का ते बघायला त्यांनी मोबाईलची बॅटरी लावून खिडकीला डोळा लावला. "अगं बया! आत नावं हायत समद्यांची!"

मग झुंबड उडाली. एवढ्या मोठ्या लग्नपत्रिकेत नाव नाही असा पाहुणा मिळणं कठीण. जो तो आपला डबा शोधू लागला. "मी दुसऱ्या डब्यात!" "आमचं मालक इंजिनापाशी!" मानसिंगरावांचं नाव खिडकीनं अर्धं कापलेलं निघालं. ते मऊ आवाजात म्हणाले, "आमचं असंच, पाव्हणं. अर्धं आत, अर्धं बाहीर." हे टोचण्यासाठी होतं की गमतीनं, हे महिपतरावांना घरी पोचल्यावर कळणार होतं. कारण आत्ता त्यांचं लक्ष दुसरीकडंच होतं. फेटा बांधलेले शंभूराजमामा एकेका डब्यात वाकून पाहत होते.

शेवटचा डबा पाहून ते सरळ झाले. "ह्या त्याच पत्रिका हायत."

"शंभूराज, ऐका..."

"पत्रिकेत न्हाय, गाडीतबी न्हाय!" मामांनी फेटा काढला, खुर्चीवर ठेवला, बाहेर जाऊन आपल्या गाडीत बसले आणि काच वर केली.

मुहूर्ताला थोडाच वेळ होता. नवरीला बोहल्यावर मामानं आणायचं असतं. दुसरा कुणी आणून चालत नाही. भटजी घड्याळ बघू लागले, माधवीबाई रडू लागल्या. महिपतराव काचेपाशी जाऊन उभे राहिले. मामा काच चार बोटं खाली करून म्हणाले, "ती गाडी हितनं उचला. मग येतो."

दोन महिने ज्या महिपतरावांचा मान प्रत्येक गोष्टीत दुखावत होता, ते एका शब्दानंही वाद न घालता मागं फिरले. "उचलतो," म्हणाले. महिपतरावांनी पहिला डबा हातात घेतला. दुसरा घेतला. सोपानतात्या एवढा वेळ जिलेबीपाशी उभे होते, ते अनवाणी पुढं आले आणि काचेवर टकटक केलं.

"शंभूराजराव, मी सचिव म्हनून एक नियम सांगतो. डब्यात नावं असत्यात ती प्रवाशांची. गार्डाचं नाव तुमी कुठल्या डब्यात वाचलंय का? आन् गार्डानं झेंडी दाखवल्याबिगर गाडी हलती का? आज नवरीला कोण घिऊन येनार हाय? तुमी प्रवासी हाय का गार्ड?"

मामांनी विचार केला. काच आणखी खाली आली. "तसं ल्याहून द्या."

महिपतरावांनी खिशातलं पेन काढलं, शेवटचा डबा आणून मामांच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि श्वास रोखून बाहेरच्या बाजूनं लिहिलं, 'गार्ड : शंभूराज'. तांबड्यावर काळी अक्षरं, मशीनलाही जमली नसती अशी. मामांनी डबा दोन्ही हातांत धरून वाचला, खाली उतरले आणि फेटा मागवला. मुहूर्त पाच-सात मिनिटांनी टळला, पण भटजींनी मंगलाष्टकं जरा भराभर म्हणून तो गाठल्यासारखं केलं.

संध्याकाळी पाठवणी. गाडीच्या मागच्या सीटवर सामान भरलेलं होतं आणि आगगाडी श्रेयानं मांडीवर घेतली होती. सगळे भेटून झाले, रडून झालं. महिपतराव मात्र गाडीभोवती फिरत होते. टायर पाहिले, डिकी दाबून पाहिली, पुन्हा टायर पाहिले. श्रेयानं एक डबा उचलून मावळत्या उन्हात धरला आणि खिडकीतून आत पाहिलं. मग दुसरा उचलला. मग तिसरा.

"पप्पा," ती म्हणाली, "इकडं या."

ते आले.

"सगळ्यांच्या नावांतून खिडक्या गेल्यात. सासऱ्यांच्या, काकांच्या, सगळ्यांच्या. माझं नाव प्रत्येक डब्यात अख्खं आहे. आपोआप असं होत नाही. तुकडे हातानं सरकवलेत तुम्ही."

महिपतरावांनी वाकून पुन्हा टायर दाबून पाहिला.

"आणि माझ्या नावाखालीच तुमचं होतं. तिथंच खिडक्यांची ओळ आलीय. एकाही डब्यात उरलं नाही." तिचे डोळे भरून आले. "तुम्ही कुठं आहात मग?"

"मी फलाटावर," महिपतराव म्हणाले. "गाडी सुटताना कुणीतरी तिथं हुबं ऱ्हायला लागतंय."

तिनं काचेतून हात बाहेर काढून त्यांचा अंगठा धरला. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. महिपतराव, ज्यांना दोन महिने एका जागी बसवलं नव्हतं, ते गाडी वळणाआड गेल्यावरही तिथंच उभे राहिले, आणि माधवीबाईंनी दोनदा हाक मारली तरी हलले नाहीत.